बारा नंबरवर आपली बत्ती

पहिल्या दिवशी केबिन सांभाळणाऱ्या बाईंना वाटलं, या खोलीतला टीव्ही बिघडलाय. सकाळी आवरायला आल्या तर भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्यावर जहाजाचा पांढरा टॉवेल पसरलेला, चारी कोपरे कसे मापून काढल्यासारखे. त्यांनी तो काढला, घडी घालून न्हाणीघरात ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच!

"मावशी, टीव्हीला काही झालंय का?"

मामी ओशाळल्या. "नाही हो. दिवसा काच उघडी टाकायची नसते. ऊन धरते. एखाद्या वेळी आग लावते."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. जहाजाच्या अगदी पोटातली ही केबिन. खिडकी औषधालासुद्धा नव्हती.

पलंगावर पाय पसरून बसलेले मामा खो खो हसायला लागले. "सांगा तिला, सांगा! एकतीस वर्षं भिंगाला पडदा लावलाय ना, हात राहत नाही. आता हिला खोलीत आरसा दिसला तरी झाकेल!"

"हसा," मामी म्हणाल्या. "पहिल्या वर्षी पडदा कोण विसरलं होतं? आणि कोणाच्या टोपीला भोक पडलं होतं?"

मामांचं हसू तिथंच विरलं.

मामा म्हणजे दीपगृहाचे रखवालदार. गेल्याच वर्षी निवृत्त झालेले. समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ टोकावरची ती बत्ती. तिच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं घर आणि वर जायला एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्या. बत्ती लावायची मामांनी आणि काच पुसायची मामींनी, अशी वाटणी लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातच ठरून गेली होती. पुरुषभर उंचीचं ते भिंग रोज सकाळी सुती फडक्यानं पुसल्याशिवाय मामींनी तोंडात घास घातला नाही. ताप असो, पाहुणे असोत, वादळ असो. आधी काच, मग अन्न. कोणी सांगितलं होतं म्हणून नव्हे. त्यांनी आपणच मनाशी धरलेला नेम तो.

जहाजावर आल्यावर मोठी पंचाईत झाली. इथं तर पहाटे पाचपासून खाणं मांडलेलं, आणि पुसायला काही नाही! मग पहिल्या सकाळी मामींनी टीव्हीच पुसून काढला, अगदी कडेकोपऱ्यासकट, आणि सवयीनं झाकूनही ठेवला. तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली चहा उतरला.

हा सगळा थाट मामांच्या थोरल्या बहिणीचा. मामींच्या वन्सं. शहरात त्यांचं शिवणाचं मोठं दुकान होतं. ते सुनेच्या हाती दिलं आणि पहिली गोष्ट केली ती ही : चार दिवसांच्या सफरीच्या दोन केबिनी घेतल्या, एक स्वतःला, एक भावाला आणि वहिनीला. आल्यापासून वन्सं जहाजभर भिंगरीसारख्या फिरत होत्या. सकाळी गरम पाण्याचा हौद, दुपारी नाच शिकायचा वर्ग, मग डोक्याची मालिश. संध्याकाळी गाण्याला पहिल्या रांगेत. उशांचं एक वेगळं पत्रक होतं, त्यातल्या सातही उशा त्यांनी एकेक रात्र... नाही, चारच रात्री होत्या, म्हणून एका रात्री दोन-दोन मागवून पाहिल्या.

"वहिनी, तू आहेस कुठे? दोन दिवस झाले, वर आली नाहीस!" दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दारातूनच गरजल्या.

"वन्सं, आत या ना. बघा तरी, काय सापडलंय ते!"

मामींना बारा नंबरचं चॅनल सापडलं होतं.

टीव्हीवर सिनेमे होते, गाणी होती. पलंगावर बसल्या जागी चहा मागवायची सोय होती, उद्याचं जेवण आज निवडायची होती. पण बारा नंबरवर काही म्हणजे काही नव्हतं. फक्त समुद्र. जहाजाच्या नाकाडावर एक कॅमेरा बसवला होता, तो पुढचं जे दिसेल ते चोवीस तास दाखवायचा. ज्यांना खिडकी नाही त्यांच्यासाठी केलेली ही सोय.

वन्सं पाच मिनिटं उभ्या राहून पाहत होत्या. "पाणीच आहे की गं."

"पाणीच आहे," मामी आनंदानं म्हणाल्या. "पण बघा, आपण त्यात *जातोय*. इतकी वर्षं मी काठावरून जहाजं जाताना पाहिली. जहाजातून काठ कसा दिसतो ते कधी पाहिलंच नव्हतं."

त्या दिवसापासून टॉवेल उतरला. मामांनी सिनेमाचा हट्ट धरला, पण रिमोट काही त्यांच्या हाती लागला नाही.

मामींच्या मनात खरं काय होतं, ते मामांनाच ठाऊक होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी हे जहाज त्यांच्या बत्तीसमोरून जाणार होतं. एकतीस वर्षं जी काच पुसली, तिचा उजेड समुद्रावरून कसा दिसतो हे मामींनी एकदाही पाहिलं नव्हतं. पायथ्याशी राहणाऱ्याला झोत दिसतच नाही. तो डोक्यावरून निघून जातो. वन्सं थट्टेनं म्हणायच्या, दिव्याखाली अंधार तो हाच. आणि आता वेळही थोडा उरला होता. वन्संचाच धाकटा लेक मामांच्या जागी लागला होता, त्यानं मागच्या महिन्यात कळवलं होतं : महिनाअखेर जुनं भिंग उतरवणार, त्या जागी लोखंडी खांबावर हातभर उंचीचा दिवा बसणार. भिंग कुठल्याशा संग्रहालयात जाणार. पेटवून नव्हे, नुसतं ठेवायला.

म्हणजे आज दिसली तर दिसली. नाहीतर कधीच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी पलंगावर जहाजाचं रोजचं पत्रक आलं. त्यात व्यायामाच्या वेळा, जादूच्या खेळाची वेळ, आणि अगदी खाली एक ओळ : 'सायंकाळी सव्वासात वाजता उजव्या हाताला जुनं दीपगृह दिसेल.'

मामींनी ती ओळ चार वेळा वाचून घेतली. मग पत्रक उशाशी ठेवलं आणि परत उचललं.

"पुन्हा काय वाचतेस? बदललंय का?"

"सव्वासात. उजव्या हाताला. अहो, आपण पावणेसातलाच वर जाऊन उभे राहू. गर्दी असेल."

"तुझ्या बत्तीला? सगळी माणसं त्या जादूगाराकडे असतील."

कालच्या पत्रकातही एक ओळ होती. ती मामांनी वाचली होती आणि नाक मुरडून सोडून दिली होती : शेवटच्या बंदराच्या वेळेप्रमाणे प्रवाशांनी रात्री घड्याळं एक तास पुढे करावीत. मामांचं घड्याळ मनगटी, चावीचं, बत्तीबरोबर एकतीस वर्षं चाललेलं. "कोणी चिठ्ठी पाठवली म्हणून पुढे जातं ते घड्याळ कसलं?" असं म्हणून त्यांनी चावी दिली होती आणि काटे जिथल्या तिथे ठेवले होते. सकाळी दोघं नाश्त्याला गेली तर वाढपी ताटं आवरत होते.

"हल्ली फार लवकर उरकतात," मामा म्हणाले होते. झालं. एवढ्यावर तो विषय संपला.

संध्याकाळ झाली. वन्संनी वहिनीला बळंच पार्लरमध्ये नेऊन केस धुऊन घेतले होते. वाळवायला मात्र मामी थांबल्या नाहीत. "खोलीतच वाळतील" म्हणून पळून आल्या. डोक्याला टॉवेल, अंगात जहाजाचा जाडजूड पांढरा झगा, पायात जहाजाच्या मऊ सपाता. ठेवणीतले कपडे पलंगावर काढून ठेवलेले. बारा नंबर सुरूच होता.

कपडे उचलता उचलता मामींचा हात थबकला.

पडद्यावरचं पाणी राखाडी झालं होतं. क्षितिजाशी एक तांबूस रेघ होती, तीही पुसट होत चाललेली. मामींनी असं आभाळ हजारो वेळा पाहिलं होतं, जिन्याच्या अर्ध्यावर, हातात रॉकेलचा डबा घेऊन. पुढे वीज आली, डबा सुटला, पण या रंगाला पाय आपोआप जिन्याकडे वळायचे ते काही सुटलं नाही.

"अहो, बत्तीची वेळ झाली."

"अजून तास आहे," मामा आडवे होते. "माझ्या घड्याळात आत्ता सहा वाजून पाच मिनिटं. सव्वासातला वेळ आहे. तू सावकाश तयार हो."

"आभाळ बघा की."

"टीव्हीचं आभाळ! त्याचा काय भरवसा."

मामी पलंगाच्या कडेला बसल्या. हळूच, जणू पोराला गणित घालावं तसं त्यांनी विचारलं, "या दिवसांत तुम्ही बत्ती किती वाजता लावायचात?"

"सहाला. ठोक्याला."

"कुठल्या घड्याळानं?"

"याच! दुसरं कुठलं?"

"आणि पत्रकातलं सव्वासात कुठल्या घड्याळानं?"

मामांनी टीव्हीच्या कोपऱ्यातल्या त्या बारीक आकड्यांकडे पाहिलं, ज्यांच्याकडे चार दिवस त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सात वाजून सहा मिनिटं.

"अरे देवा," मामा म्हणाले, आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, एक ठिपका पेटला. विझला. लगेच दुसऱ्यांदा पेटला.

मामी श्वास रोखून मोजायला लागल्या. एक, दोन, तीन... अठरा, एकोणीस, वीस.

दोन ठिपके. पुन्हा. त्यांच्या बत्तीची हीच ओळख : भिंगाच्या दोन बाजूंचे दोन झोत, मग वीस मोजेपर्यंत अंधार.

"आपली!" मामी ओरडल्या. आयुष्यात मोठ्यानं न बोललेल्या मामी अशा ओरडल्या की शेजारच्या केबिनमध्ये कोणीतरी भिंतीवर टकटक केलं. "अहो, आपलीच! उठा, उठा!"

"कपडे तरी..."

"कपडे काय बत्ती बघणार आहे? चला!"

झगा सावरत मामी दाराबाहेर, आणि पायातल्या सपातांपैकी एक दारातच. मामा ती उचलून मागे. जहाजाची ती लांबलचक गालिच्याची वाट, दोन्ही बाजूंना सारखी दारं. मामा डावीकडे वळले.

"इकडे!"

"उजवी बाजू म्हणाले ना?"

"जहाजाची उजवी! तुमची नव्हे!"

लिफ्टपाशी पोचले तर ही गर्दी! जादूच्या खेळाला निघालेली नटलेली माणसं, अत्तराचा घमघमाट, आणि त्यात मधोमध चमचमती पिशवी घेतलेल्या वन्सं. त्यांनी वहिनीला पाहिलं आणि पिशवी छातीशी धरली.

"वहिनी! अगं, न्हाणीघरातून थेट? लोक बघताहेत!"

"वन्सं, बत्ती आली!"

"ती सव्वासातला ना?"

"आत्ता सव्वासातच होताहेत! तुमच्या भावाच्या घड्याळात सोडून सगळीकडे!"

लिफ्ट आली ती भरलेलीच. दुसरी खालीच जाणारी. वरचा उघडा डेक सात मजले वर. मामांच्या गुडघ्यांनी एकशे चौऱ्याऐंशी पायऱ्यांची एकतीस वर्षं भोगली होती. आता सात मजले म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना शिक्षाच. मामींनी जिन्याकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं, आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. डोळे भरून आले.

तेवढ्यात चादरींची ढकलगाडी घेऊन केबिनवाल्या बाई वळणावरून आल्या. ओल्या केसांच्या मामी, हातात एक सपात घेतलेले मामा. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं.

"मावशी, तुमचं ते भिंग म्हणजे ती दोन झोतांची बत्ती? तुमची आहे ती?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"मला? अहो, अठरा वर्षं झाली मला या पाण्यावर!" बाईंनी गाडी भिंतीला लावली आणि कमरेचा वायरलेस तोंडाशी धरला. "साहेब, दोन पाहुण्यांना आपल्या पुढच्या डेकवर नेतेय. बत्तीवाली माणसं आहेत. हो, *त्या* बत्तीची. पाच मिनिटं फक्त."

वायरलेस खरखरला. मग आवाज आला, "ने. पण दारं मागं लावून घे."

"तिघांना!" वन्सं म्हणाल्या आणि जादूगाराकडे पाठ फिरवली.

कर्मचाऱ्यांचं दार उघडलं. आत गालिचा नाही, अत्तर नाही. लोखंडी जमीन, कपडे धुण्याच्या यंत्रांची ऊब, भिंतीला टांगलेले कामाचे कोट. बाई पुढे, मामी मागे. चालता चालता बाई सांगत होत्या, "ती दोन झोतांची बत्ती दिसली ना मावशी, की आम्ही बॅगा भरायला घेतो. तिथून आमचं बंदर एका रात्रीवर. मुलांना निरोप जातो, बत्ती दिसली, म्हणजे उद्या आई घरी. माझ्या धाकट्याला चित्र काढ म्हटलं की आधी तीच काढतो. पाहिलेली नाही त्यानं कधी."

मामींचा चालायचा वेग तेवढा वाढला.

एक मजला चढून जड दार ढकललं, आणि वारा आला. डोक्यावरचा टॉवेल उडून वन्संच्या तोंडावर.

जहाजाचं नाक. समोर काळसर समुद्र आणि उजव्या हाताला, चार मैलांवर, तो झोत. टीव्हीवर ठिपका दिसत होता. इथे तो ठिपका नव्हता. झोत पाण्यावरून धावत यायचा, जहाजाच्या अंगावरून, मामींच्या तोंडावरून जायचा आणि त्याच्या पाठोपाठ लगेच दुसरा. मग अंधार. मग वीस मोजायचे.

"आली," मामींनी हात जोडले. "आली बाई आली."

मामांच्या खिशातला फोन टिंग टिंग वाजायला लागला. किनारा जवळ आल्यामुळे चार दिवसांचे निरोप एकदम धडकत होते. शेवटचा निरोप भाच्याचा : *मामा, बत्ती लावली. दिसतेय का? मामींना दाखवा.* मामांनी त्याला फोन लावून मामींच्या कानाशी धरला.

"मामी! दिसतंय?"

"दिसतंय रे राजा. किती छान दिसतंय." मामींचा आवाज ओला झाला होता. मग त्यांनी डोळे बारीक केले. आणखी एक फेरा गेला. "एक विचारू? पहिला झोत दुधासारखा आहे. दुसरा पिवळट का?"

"तुम्हाला तिथून दिसतं?"

"सकाळी काच कोणी पुसली?"

"मीच. म्हणजे... काल फिरायच्या चाकांना तेल दिलं ना, तेव्हा दुसऱ्या बाजूला खाली हात लागला बहुतेक. असंही महिनाअखेर काढणारच आहेत, म्हणून म्हटलं..."

"काढतील तेव्हा काढतील," मामी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण मामांनी नकळत पाठ ताठ केली. "आज लागलीय ना? या जहाजावर माणसं बघताहेत. एक पोरगा तर न बघताच तिचं चित्र काढतो. फडकं घे. भिंगाबरोबर चालत चालत पूस, मी दाखवलं होतं तसं. उलटं फिरू नकोस."

"आत्ता? मामी, मी समोर आलो तर झोत अडेल."

"मी वेळ लिहून ठेवतो," मामांनी फोनमध्ये तोंड घालून सांगितलं. "बत्तीच्या वहीत नोंद करावी लागेल."

फोन तिकडे कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला आणि लोखंडी जाळीवर धावणारी पावलं.

"कुठे चाललाय हा?" वन्संना काही कळेना. जन्मात त्यांनी त्या जिन्याची दहावी पायरी ओलांडली नव्हती. उंचीला घाबरायच्या.

"मोजा वन्सं. वीसला बघा."

सगळे मोजू लागले. केबिनवाल्या बाईसुद्धा. वीसला पहिला झोत आला, पांढरा, लख्ख. दुसरा आलाच नाही.

"विझली!" वन्संनी मामींचा दंड धरला.

"विझली नाही. दुसरा झोत दिसत नाही ना, तिथं तुमचा लेक उभा आहे."

पुन्हा वीस. पहिला झोत आणि मग पाण्यावर अंधार. त्या अंधाराकडे बघत वन्संनी हळूच हात वर केला आणि हलवला. चमचमती पिशवीही हलली. चार मैलांवरून कोणाला काय दिसणार होतं? तरी त्या हलवत राहिल्या.

"काळजीनं पूस रे," त्या पुटपुटल्या. "पडू नकोस."

जहाज पुढे सरकत होतं. बत्ती समोरून बाजूला आली होती, आता मागे जायला लागली होती. तिसरा फेरा. अंधारच. मामा घड्याळाकडे बघत होते, मामी पाण्याकडे. आणखी दोन-तीन फेऱ्यांत जहाजाची बाजू आड येणार.

"अठरा," मामा म्हणाले. "एकोणीस."

पहिला झोत.

आणि त्याच्या पाठोपाठ, जराही न डगमगता, दुसरा. पांढरा! पहिल्याहून पांढरा! डेकवरच्या दोऱ्या, बाईंचा चेहरा, मामांच्या हातातली सपात, सगळं क्षणभर दिवसासारखं उजळून गेलं.

"झाली!" वन्संनी टाळ्या वाजवल्या, मग केबिनवाल्या बाईंना मिठीच मारली. "माझ्या पोरानं पुसली! बघितलीत ना?"

फोनमधून धापा टाकणारा आवाज आला. "मामी? आता?"

"आता कशी," मामी म्हणाल्या. "आता कशी दिसतेय ते काय सांगू. उद्या सकाळीही पूस. काढतील त्या सकाळीही पूस."

"हो मामी. आधी काच."

अजून एक फेरा आला, मग एक. मग जहाजाची पांढरी भिंत मध्ये आली आणि उरला तो वर आभाळात फिरणारा पुसट उजेड. मामींनी झग्याची टोकं आवळली. ओल्या केसांमुळे त्यांना हुडहुडी भरली होती, पण चेहरा असा फुलला होता की जणू त्यांच्याच आत कोणी काही लावलं असावं.

"तीन फेरे अडले," मामांनी घड्याळ मिटावं तशी बाही खाली ओढली. "सहा वाजून अठरा मिनिटं."

"सात अठरा," बाई हसून म्हणाल्या.

"सहा अठरा. बत्तीची वही बत्तीच्या वेळेनं लिहायची असते."

मामींनी नवऱ्याच्या हातातून सपात घेतली, पायात घातली आणि वन्संच्या हाताला धरून दाराकडे वळल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "काच पुसून झाली. आता जेवायला चला, भूक लागलीय मला."